मुरुडच्या बाई

कढईसमोर बसली की सोनाकाकू कुणाला बोलू द्यायची नाही. बोललं की घाणा तेल पितो, अशी तिची पक्की समजूत. एरवी भांडणात अख्ख्या गल्लीला गार करणारी ही माझी चुलती झारा हातात घेतला की स्वतःही ओठ मिटायची. मी मुळातच अबोल, म्हणून पहिल्या घाण्यातला शंकरपाळा मला मिळायचा. “हिच्या तोंडाला कुलूप हाय,” असं म्हणायची. तिचं कौतुकही टोचणारं.

मुरुडात तिच्यासारखे शंकरपाळे कुणाचे होत नसत. कुणी शिकायला आलं, तर पीठ मळताना बघू द्यायची. पण मोहन घालायची वेळ आली की त्या बाईला पाणी आणायला पाठवायची.

दुष्काळाच्या वर्षी दिवाळीला गल्लीत कुणाकडेच पुरेसं तेल नव्हतं. रेशनच्या लाल मिलो ज्वारीचं पीठ, कुणाचे मूठभर गहू, कुणाचा गूळ, वाटीभर करडीचं तेल, असं बायकांनी काकूच्या घरी आणून दिलं. लेकरांच्या हातावर सणाचं काहीतरी ठेवायचं होतं. काकूनं ते मन लावून केलं. परातीत शंकरपाळे निवत होते आणि बायका आपापला वाटा न्यायला भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या.

तेवढ्यात तिची सून विमल दुष्काळी कामावरून खडी फोडून आली. ती पोटुशी होती. परातीजवळून आत जाताना तिनं एक शंकरपाळा उचलून तोंडात टाकला. काकूनं झारा खाली ठेवला.

“काय चघळलालीस गं?”

विमलनं काही नाही अशी मान हलवली. काकूनं तिला सगळ्यांसमोर खाली बसवलं, हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं आणि आत बोट घालून तो अर्धवट चावलेला लगदा बाहेर काढला. तळहातावर घेऊन बायकांना दाखवला.

“लोकांच्या लेकरांचं हाय हे. सून चोरटी हाय माझी, बघून घ्या.”

एक म्हातारी हलकेच म्हणाली की खाऊ दे, दोन जिवांची आहे. काकूनं लगदा चुलीत टाकला आणि पुढचा घाणा सोडला.

विमल दुसऱ्याच दिवशी उमरीला माहेरी गेली. नवरा दत्तू, म्हणजे काकूचा एकुलता एक मुलगा, मागोमाग गेला आणि दोघं तिकडेच राहिली. मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आलं नाही. विचारील त्याला काकू सांगायची, मी का जाऊ, चोरी तिनं केली. पण दर दिवाळीला नातीसाठी डबा भरायची आणि तो खवट होईपर्यंत फळीवर ठेवायची.

पुढे लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या निघाल्या. त्यातल्या एकीत दत्तू शिपाई म्हणून लागला आणि बिऱ्हाड लातूरला आलं. हे कळल्यावर काकूनं डबा पदराखाली घेतला, मला सोबत घेतलं आणि आम्ही एसटीनं गेलो.

दार विमलनंच उघडलं. सतरंजी टाकली, पाणी दिलं, चहा केला. दत्तू कामावर होता. पाहुणे बघून दोन शेजारणी आल्या. नात दाराला धरून उभी होती. नाक थेट दत्तूचं. ही कोण, असं तिनं आईला विचारलं.

विमल म्हणाली, “मुरुडच्या बाई हायत. दिवाळीचं करून इकत्यात.”

आता काकू काय बोलते म्हणून मी तिच्याकडे वळले. काकू नातीकडे बघत होती. मग तिनं डब्याचं झाकण काढलं.

“व्हय. घे बाळ, चव बघ. फुकट हाय.”

पोरीनं आईकडे पाहिलं. विमलनं नको अशी मान हलवली. पोर आत निघून गेली. विमलनं सगळे शंकरपाळे शेजारणींना वाटले आणि डबा धुऊन, पुसून काकूच्या हातात दिला. एका शेजारणीनं किलोचा भाव विचारला. काकूनं सांगितला.

त्यानंतर दर दिवाळीला ती त्या शेजारणीकडे डबा घेऊन जाऊ लागली. वजन करून द्यायची, मग ओसरीवर उगाच रेंगाळायची. समोरच्या अंगणात नात खेळत असायची. कधी ओळख दाखवायची, मुरुडच्या बाई आल्या म्हणायची. काकू हसून मान हलवायची. तू आजी आहेस हे जाऊन सांग ना तिला, असं मी एकदा म्हटलं. “तेवढं बी बंद करशील माझं,” काकू म्हणाली.

ती गेली तेव्हा दत्तू एकटाच आला. सगळं उरकल्यावर मी त्याला विचारलं, लेकीला काय सांगून आलास?

“मुरुडच्या बाई वारल्या म्हनलं,” तो म्हणाला.