कमानीवरचे गरुड

चार बाया शिलाई मशीनवर बसल्या की कापडाआधी किस्सा तयार होतो. कापड गिऱ्हाईक घेऊन जाते, किस्से आमच्यापाशीच राहतात. दारव्ह्याच्या आमच्या शिलाई गटात सगळ्यात जास्त किस्से जमले ते थायलंडच्या ऑर्डरीचे.

*

विहारात थायलंडचे पाहुणे बुद्धमूर्ती घेऊन येणार होते. विहाराचे सचिव भाऊसाहेब मोबाईलवर फोटो घेऊन आले. तिथल्या राजाचा झेंडा, पिवळ्यावर लाल गरुड. दुसऱ्या दिवशी परत आले, म्हणे थांबा, हा झेंडा राजा स्वतः हजर असला तरच लावतात.

गटातल्या कमलनं मशीन थांबवली. "मंग विचारून घ्या ना भाऊ, येऊन राह्यला का तो दारव्ह्यात?"

झेंड्याचा बेत रद्द झाला. स्वागताच्या कमानीसाठी नुसते सहा गरुड करायचे ठरले.

*

कमानीला पिवळंच कापड का, तर राजाचा जन्म सोमवारचा आणि तिकडे सोमवारचा रंग पिवळा. ज्याचा वार, त्याचा रंग. झालं, जी ती आपला वार शोधू लागली. कमलला वार माहीत नाही. तिची आई बाजारातून पिशवी घेऊन घरी आली आणि बाळंत झाली, एवढंच ठाऊक.

मी म्हटलं, "मंग तुहा झेंडा पिशवीच्या रंगाचा."

*

माझ्या सासूनं गरुड पाहिला. "हा एकटाच काहून? विष्णू कुठी गेला?"

मी सांगितलं, तिकडे राजालाच विष्णूचा अंश मानतात.

सासू म्हणे, "हे इथल्या पुढाऱ्यायच्या कानावर घालू नको."

*

आता शेवंतीचं. ती तांड्यावरची, बंजारा. काचांची डबी कायम कमरेला. कापड दिसलं की आरसा जडवलाच. मी बजावलं होतं, राजाचं चिन्ह आहे, फोटोत आहे तेवढंच कर. विहाराचं काम गेलं असतं तर अर्ध्या बाया परत निंदायला वावरात.

पाहुणे यायच्या सकाळी कमान बांधताना पाहते, तर मधल्या एका गरुडाच्या मुकुटात आरसे, छातीवर आरसे, पंखात आरसे!

"माह्या याडीनं, मायनं, बिनकाचेचं कापड कधी अंगाला लावलं नाही, ताई," शेवंती म्हणाली. "राजाचं कसं ठेवू?"

मी सरळ सांगितलं, पाहुण्यांनी तोंड वाकडं केलं तर उद्यापासून गटात येऊ नको. उसवायला वेळच नव्हता, गाडी येऊन उभी राहिली.

पहिली उतरली ती एक म्हातारी बाई. थेट त्याच गरुडासमोर जाऊन थांबली. हात जोडले. मग सोबतच्या दुभाषी बाईशी हळू आवाजात बोलत राहिली. भाऊसाहेब माझ्याकडे पाहत होते, मी शेवंतीकडे. शेवंती खाली.

दुभाषी बाई आमच्याकडे वळली. "त्या विचारतात, बाकीच्या पाच गरुडांना आरसे लावायचे राहिले का?"

"राह्यलेच," मी म्हटलं. "शेवंती, काढ डबी."