बाकडी नाकारणाऱ्या मॅडम

कुणी बागेला सिमेंटचं बाकडं देऊ केलं की आमच्या मॅडमच्या कपाळावर आठ्या पडत. दाता हात जोडून उभा, काखेत वडिलांची तसबीर, आणि मॅडम विचारणार, "बसणार कोण त्याच्यावर?" शहरातल्या सगळ्या सार्वजनिक बागा त्यांच्या ताब्यात होत्या आणि मी त्यांच्या कचेरीत हिशेब सांभाळत होतो. नाराज दात्याला चहा पाजून वाटेला लावायचं काम माझं.

मॅडम रुजू झाल्या त्याच सुमारास वरून कळलं होतं, की तिजोरीतून बागांना आता छदामही मिळणार नाही, बागांनी आपलं पोट आपणच भरावं. आम्ही हातपाय गाळून बसलो. मॅडमनी मोठ्या बागेला तिकीट लावलं, मोबाइलवरून पैसे घ्यायची सोय केली, पालापाचोळ्याचं खत करून विकायला काढलं. नळाला पाणी कधी येईल याची वाट बघत जिथं घरंच्या घरं ताटकळतात, तिथं हिरवळीसाठी टँकर मागायची त्यांना लाज वाटे. म्हणून सांडपाणी शुद्ध करून बागांकडे वळवलं. सुरुवातीला वास येतो म्हणून फिरायला येणाऱ्यांनी आम्हाला यथेच्छ शिव्या घातल्या.

मोठ्या बागेच्या कमाईवर पडेगाव, चिकलठाण्याकडच्या लहान बागा चालत. बैठकीत कुणीतरी हटकून म्हणे, की न कमावणाऱ्या बागा बंद करा किंवा लग्नांना भाड्यानं द्या. त्यावर मॅडमचं उत्तर ठरलेलं असे. "घरात एकजण कमावतो, बाकीचे खातात. खाणाऱ्याला कुणी घराबाहेर काढतं व्हय?" एरवी त्या पुस्तकी मराठी बोलत. गावाकडची भाषा तोंडात आली की समजावं, बाई तापल्या. मला त्या फार आवडत असं नाही. बोलणं तुसडं, आणि कौतुक करायची सवय अजिबात नाही.

बाकड्यांचा राग मात्र मला पटायचा. पडेगावच्या बागेत प्रत्येक झाडाखाली 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' होतंच. फिरायला येणाऱ्या जिवंत माणसांपेक्षा गेलेल्यांचीच गर्दी जास्त. पण एवढ्या बागेत बायकांसाठी संडास नव्हता. बायका येत, दोन फेऱ्या मारत आणि घाईनं घरी जात. मॅडमनी एका हार्डवेअरवाल्या शेठना गळ घातली, "बाकडं राहू द्या, बायकांसाठी संडास बांधून द्या. वडिलांच्या नावाची पाटी लावू."

शेठ चहा अर्धा टाकून उठले. "मॅडम, बाप का नाम संडास पे? लोग क्या बोलेंगे?"

त्यानंतर आलेल्या दात्यांनीही कानाला हात लावला. शेवटी मॅडमनी पदरचे पैसे घातले, संडास बांधला आणि त्यावर स्वतःच्या आईच्या नावाची पाटी लावली. कै. गंगुबाई यांच्या स्मरणार्थ. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मॅडम झाडूवाल्या बाईला फिनेल कुठं ठेवायचं ते सांगत होत्या.

ही बातमी फुलंब्रीकडच्या त्यांच्या गावी पोचायला वेळ लागला नाही. धाकटे भाऊ बापू शेतातलं काम टाकून तडक कचेरीत आले. आमच्यादेखतच म्हणाले, "अक्का, आईचं नाव लावायला तुला दुसरी जागा नाय घावली? गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाय तू."

"आईला इचारलं असतं तर तिनं हीच जागा दाखवली असती," मॅडम म्हणाल्या. ती का, हे त्यांनी सांगितलं नाही. भाऊ पाणीही न पिता निघून गेले.

त्या दिवाळीनंतर कचेरी उघडली तेव्हा शिपाईमावशींनी सहज विचारलं, "भाऊबीजेला बापू आले होते का?" मॅडम फाईल वाचत होत्या, त्या वाचतच म्हणाल्या, "चंद्राला ओवाळलं. चंद्र बरा, रुसत नाय." सख्खा भाऊ तासाभराच्या अंतरावर असताना चंद्राला ओवाळणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मला फार वाईट वाटलं. पुढच्या दिवाळीला मावशींनी तो विषय काढला नाही.

दरम्यान पडेगावच्या बागेत बायका संध्याकाळभर बसू लागल्या. डबे आले, भिशी आली, लेकरं आली. मग एका डॉक्टरांनी आपल्या आजीच्या नावानं चिकलठाण्यात संडास बांधून दिला, आणि नंतर तर दात्यांना थांबा म्हणायची पाळी आली. मॅडमनी त्याचा गाजावाजा केला नाही. पाटीवरचं नाव पुसट दिसलं की रंगाऱ्याला झापत, एवढंच.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी कचेरीत छोटा समारंभ होता. भाषणं उरकली, पेढे वाटून झाले, तेव्हा दारात बापू दिसले. मागे त्यांची बायको, हातात लग्नपत्रिकांची पिशवी.

"पोरीचं लगीन ठरलंय. आत्याला पत्रिका द्यायला आलो," बापू म्हणाले आणि तिथंच अडले. मग खाली बघत बोलू लागले. "परवाच्या दिशी बस्ता बांधायला शहरात आलो होतो. उन्हाचं दुकानवाला पाणी देतो, चहा देतो, ही काय घेईना. लई चिडलो हिच्यावर. तवा हळूच म्हणती, पाणी पिऊन जायचं कुठं? मग हिला तुझ्या बागेत नेलं. ही आत गेली, मी भाईर आईच्या पाटीखाली उभा."

बापूंनी मान वर केली.

"अक्का, आईबी बाजाराच्या दिशी पाणी पीत नव्हती. मी तांब्या भरून द्यायचो, तर ती मलाच पाजायची. मला वाटायचं, तिला उपास असतो."

मॅडमनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला.

"तुला सांगायची तिला लाज वाटायची, बापू," त्या म्हणाल्या. "मलाबी वाटली."