गुरीहीमे वाकत नाही

त्या रविवारी सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. अकिहाबारातल्या आमच्या बाहुल्यांच्या दुकानात माझं काम एकच: गुरीहीमेचा हात धरून तिला गिऱ्हाइकांत फिरवायचं. गुरीहीमे म्हणजे खारूताई राजकन्या. टोपलीएवढं डोकं, वर मुकुट, मागे ही भली मोठी शेपूट. आमच्याच जाहिरातीच्या कागदावर चार चौकटींच्या चित्रकथेत जन्मली, मग मासिकात गेली आणि आता टीव्हीवर गाजते आहे. तिथे ती दुकानात उभी राहून येईल त्याचा पाणउतारा करते आणि वर म्हणते, "मी वाकू? छट्!" तेवढ्यासाठी लोक तीन जिने चढून येतात. पैसे मोजून अपमान करून घेणारी गिऱ्हाइकं मी तरी आमच्याकडेच पाहिली.

खोळीच्या आत कोण असतं? कोणी नसतं. नोकरीला लागताना पहिला नियम हाच शिकवतात, आणि गिऱ्हाइकंही तो आमच्याहून कडक पाळतात. पण आता सांगायचंच तर आत कुरामोची-सान असायच्या. वय अठ्ठावन्न, एकट्या, दोन्ही गुडघे कुरकुरणारे.

आमच्याकडे यायच्या आधी बावीस वर्षं त्या एका मोठ्या दुकानाच्या लिफ्टमध्ये उभ्या होत्या. हातात पांढरे मोजे, मजला आला की दार उघडायचं, "यावं, आपलं स्वागत असो," आणि कमरेतून तीस अंश वाकायचं. पुढे लिफ्टला बटणं आली आणि बाई घरी गेल्या. वाकणं मात्र गेलं नाही. जित्याची खोड! फोनवर वाकतो ते आम्ही सगळेच, पण ह्या बाई कुणी नुसतं खोकलं तरी वाकत. मला तर साधी मानही नीट लववता येत नाही, आई जन्मभर त्यावरून बोलत आली. खोळीत मी असायला हवी होते, पण माझी उंची चार बोटं जास्त.

घोळ झाला तो एका प्रेक्षकाच्या पत्राने. 'तुमच्या दुकानातली गुरीहीमे वाकते. ती खोटी आहे.' झालं! मुख्य कचेरीने फर्मान काढलं: रविवारी हिराइवा नावाचे साहेब येतील, दिवसभर पाहतील. एकदा जरी वाकली, तर पुढच्या महिन्यापासून आत वीस वर्षांची नाचणारी मुलगी.

"मला आता कोण घेणार हो, शिओमी-सान?" कोठीच्या खोलीत घाम पुसत कुरामोची-सान म्हणाल्या. "आणि खरं सांगू? आत असले की बरं वाटतं. बाहेर मी कुणाला दिसतच नाही."

"दिसायचं नंतर बघू. आधी पाठ करा इकडे."

माझ्या आईची कापड मोजायची बांबूची पट्टी मी घरून आणली होती. ती त्यांच्या पाठीला लावली आणि वरून जुना कमरपट्टा करकचून आवळला.

"श्वास येतोय?"

"अर्धा."

"पुरे आहे. वाकून दाखवा."

वाकता येईना. "आता देव आला तरी तुम्ही ताठ!" मी म्हटलं.

"देवापुढे तरी वाकायला हवं हो," त्या पुटपुटल्या. मग उकाड्यावर उपाय म्हणून गालात एक उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, धरली आणि डोकं चढवलं.

हिराइवा ऑगस्टच्या उकाड्यात गळ्यापर्यंत टाय बांधून आले. कोपऱ्यात उभे, हातात फळी, फळीवर कागद. माझा जीव टांगणीला. कुणी "वा!" म्हटलं की बाईंचे खांदे पुढे यायचे, मी मागून शेपूट खेचायची. दुपारचे तीन वाजेपर्यंत सतरा वेळा खेचली. शिवण उसवू लागली, पण बाई ताठ होत्या.

आणि मग नुकागा-सान आले. चाळिशीचे, जाडे, रेल्वेच्या कचेरीत कारकून. दर रविवारी यायचे, गुरीहीमेच्या शेपटीचा एक फटका खायचे, खुशीत घरी जायचे. मधले सात रविवार मात्र दिसले नव्हते. आज गळ्यात काळा टाय होता, हातात कापडात बांधलेला डबा.

"आई गेली," ते थेट गुरीहीमेला म्हणाले. "काल एकोणपन्नासावा दिवस झाला, सुतक फिटलं. तुमचं नव्या वर्षाचं कार्ड तिने शेवटपर्यंत उशाशी ठेवलं होतं. म्हणायची, ही उद्धट पोरगी तुला बरी ऐकवते. हा थोडा चहा आहे. आजवर फार आभार."

त्यांनी दोन्ही हातांनी डबा पुढे केला, डोळे मिटले आणि वाकले.

मेले! मी शेपूट दोन्ही मुठींत धरली, पाय रोवले. आत कडाड्कन आवाज झाला. आईची पट्टी! गुरीहीमेने दोन्ही पंजांनी डबा घेतला आणि वाकली. तीस अंश कसले, पार खाली, जसं दुखवट्याला वाकतात. डोकं निखळलं आणि गडगडत हिराइवांच्या बुटाशी गेलं.

भर दुकानात कुरामोची-सान उघड्या. कपाळाला टॉवेल, पांढरे केस चिकटलेले, गालात उमेबोशी. तरी बाई वाकलेल्याच.

कुणी ओरडलं नाही. चाळीस माणसं एकदम मालाच्या मांडण्यांकडे तोंड करून उभी राहिली. एकजण तर बाहुलीवरची किंमत मोठ्याने वाचू लागला. नुकागा-सान मिटल्या डोळ्यांनी वाकलेलेच. हिराइवांनी डोकं उचललं, मान खाली घालून दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं आणि भिंतीकडे वळले. मी ते घाईघाईने बाईंना चढवलं.

सहा वाजता मी सरळ हिराइवांच्या खांद्यावरून कागदात डोकावले. त्यांनी लिहिलं होतं: 'पट्टा सैल. डोकं एकदा निखळलं. आत कोणीच नव्हतं.' खाली शिक्का.

"आणि ते वाकणं?" मी न राहवून विचारलं.

"वाकायला आत कोणीतरी हवं ना," ते म्हणाले. कान लाल झाले होते.

मी धावतच कोठीत गेले. "वाचलो!" म्हणत त्यांना अक्षर न् अक्षर सांगितलं. कुरामोची-सान मोडलेल्या पट्टीचे तुकडे मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"कोणीच नव्हतं," त्या म्हणाल्या. हसल्या. मग म्हणाल्या, "नुकागा-साननी पाहिलं का हो मला?"

"छे! डोळे मिटलेले होते."

"बरं झालं." आणि मग, अगदी हळू, "पण एकाने तरी पाहायला हवं होतं."

मला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं. नोकरी वाचली तरी ह्यांचं हे! नुकागा-साननी दिलेला डबा फोडून चहा केला. पेला दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला आणि त्यांच्याकडे नीट, पुरतं पाहून वाकले.

त्यांनी पेला घेतलाच नाही. डोळे पुसत माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आणखी थोडं खाली, शिओमी-सान. हे वीसच अंश झाले."