उम्म कायदच्या हातची दवाली

जॉर्डनमधल्या इर्बिद शहराच्या विद्यापीठ रस्त्यावरचं रुदैनाचं जेवणघर आज कुणालाही विचारलं तरी दाखवतील. पण ती कॉलेजात शिकत होती, तेव्हा वसतिगृहातली तिची खोली राहील की जाईल याचीच दर महिन्याला धाकधूक असायची. अजलूनकडच्या डोंगरातल्या खेड्यातली पोर, बाप शाळेत शिपाई. अंगावर दोनच धड कपडे, पण जिभेवर अशी साखर की समोरच्याला नाही म्हणणं सुचू नये.

तिच्या वर्गातली सुहाद शहरातलीच. ती शुक्रवारी रुदैनाला जेवायला घरी न्यायची. सुहादच्या आईला सगळे थोरल्या मुलाच्या नावावरून उम्म कायद, म्हणजे कायदची आई, म्हणत. रुदैना मात्र तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. तिच्या हातची दवाली म्हणजे द्राक्षाच्या पानात तांदूळ आणि खिमा भरून वळलेल्या, करंगळीएवढ्या सुरळ्या. पातेलं ताटात उपडं केलं की लिंबाचा वास जिन्यापर्यंत जायचा.

"खाला, वसतिगृहातल्या मुलींना हे मिळालं ना, तर त्या कानातले विकून खातील!" रुदैना बोटं चाटत म्हणाली.

"चल गं, चावट! तुला काय, भुकेपोटी दगडही गोड लागेल."

"थट्टा नाही करत. आपण विकू या. डबे मी पोचवते."

सुहादला कल्पना पटली आणि उम्म कायदला दोन्ही पोरींचा उत्साह मोडवेना. कुणाकडून जुना सिलिंडर आला, सुहादच्या मावशीकडून मोठी पातेली आली आणि धंदा सुरू झाला. पोरी फुशारकीने सांगत, "आमच्याकडे भांडवल असं काही नव्हतंच!"

सुरुवातीला तिघी मिळून पानं वळायच्या. पण पोरींच्या सुरळ्या शिजताना सुटायच्या, भात बाहेर यायचा. "ठेवा गं, मीच करते," असं उम्म कायद एकदा म्हणाली आणि मग रोजच ती करू लागली. पहाटेचा नमाज झाला की ती ओट्यापाशी बसायची. पोरी कॉलेजातून येत, डबे भरत आणि निघत. तिच्या कष्टाचे पैसे द्यावेत, हे दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही. आईच ती, घरच्या स्वयंपाकाचे कुठे पैसे देतात!

वसंतात, नवी पानं बाजारात आली तेव्हा, रुदैनाने पाहिलं की उम्म कायद चहाचा पेला दोन्ही हातांनी धरतेय.

"काय झालं, खाला?"

"काही नाही गं. हाताला मुंग्या येतात. पकडलेलं निसटतं."

रुदैनाने ते ऐकलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. विद्यापीठातल्या एका विभागाच्या निरोप समारंभाची ऑर्डर होती, आजवरची सगळ्यात मोठी. तिने तिथेच उम्म कायदसमोर उभं राहून "हो, हो, नक्की" म्हटलं.

जिन्यात सुहादने तिचा दंड धरला. "तुला डोळे आहेत की नाहीत? आईचं मनगट सुजलंय."

"एवढी एक ऑर्डर होऊ दे, सुहाद. मग बाया लावू."

"हे तू मागच्या वेळीही म्हणाली होतीस."

"मग तूच सांग ना तिला, नको करू म्हणून!"

सुहादने तिचा दंड सोडला. तिलाही ती ऑर्डर हवी होती. समारंभ पार पडला. नंतर कळलं की शेवटची पानं उम्म कायदने डाव्या हाताने वळली होती.

त्याच उन्हाळ्यात शहरातल्या एका व्यापारी मंडळाने होतकरू विद्यार्थ्यांचा सत्कार ठेवला. सुहादला चारचौघांत बोलायची भीती, म्हणून मंचावर रुदैना एकटीच गेली. अगदी छान बोलली. खेडं, गरिबी, जुना सिलिंडर, सगळं सांगितलं. शेवटी हात उंचावून म्हणाली, "आम्ही दोन मैत्रिणींनी, या आमच्या हातांनी, हे उभं केलं!"

टाळ्या पडल्या. तेव्हा तिचं लक्ष मागच्या रांगेकडे गेलं. इस्त्रीचा नवा रुमाल डोक्याला बांधून उम्म कायद बसली होती. उजवा हात पट्टीत होता, म्हणून ती डाव्या हाताने मांडीवर थाप मारून टाळी वाजवत होती.

रुदैनाच्या हातात अजून माईक होता. एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागला असता? पण आता बोललं तर आधीचं खोटं ठरेल, असं तिला वाटलं. ती आभार मानून खाली उतरली.

"छान बोललीस गं," दारात उम्म कायद म्हणाली. तिने रुदैनाच्या गालाचा मुकाही घेतला.

सुहाद मात्र बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही फारसं नाही. उम्म कायदच्या मनगटाची दबलेली नस शस्त्रक्रियेने मोकळी केली, तरी बोटांत पूर्वीचा जोर आला नाही. सुहादने धंदा सोडला. रुदैनाने पुढे जेवणघर काढलं आणि पगारी बाया ठेवल्या. त्यांना ती दुपारी सक्तीने उठवून विश्रांतीला पाठवते. बाया म्हणतात, मालकीण देवमाणूस आहे. ते ऐकलं की रुदैना काहीतरी काम काढून आत निघून जाते.

माफी मागायला जायला तिला बारा वर्षं लागली.

"हाताचं काय घेऊन बसलीस," उम्म कायद म्हणाली. "हात कुणाचेही झिजतात. मला माहीत होतं दुखतंय, तरी मी करत होते. मला आवडायचं, तुम्ही दोघी कौतुक करायचात ते." मग जरा थांबून ती हळू आवाजात म्हणाली, "पण त्या सत्काराच्या दिवशी मी समोरच्या घरातल्या उम्म लुअयला बरोबर आणलं होतं. तिला म्हटलं होतं, चल, आज माझं नाव घेणार आहेत."

रुदैना घाईघाईने म्हणाली, "खाला, जेवणघराला तुमचं नाव देते. उद्याच पाटी बदलते."

"आता नको गं. उम्म लुअय गेली मागच्या वर्षी. आता कुणाला दाखवू?"

उम्म कायदच्या सुनेने जेवण आणलं. रुदैना घास नुसताच चिवडत होती. उम्म कायदने डाव्या हाताने तिच्या ताटात आणखी वाढलं आणि म्हणाली, "खा, नाहीतर मी रागावेन." रुदैना मान खाली घालून जेवत राहिली. सुहादचा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही.