गाऱ्हाण्यातून गाळलेलं घर

गावाचं वर्षाचं गाऱ्हाणं आमच्या घरातल्या माणसानेच घालायचं, असा आमचा मान आहे. दसऱ्याच्या दुपारी देवळाच्या पायरीवर उभं राहून मी ग्रामदेवाला मोठ्याने सांगतो, अमक्याचं दुखणं बरं कर, तमकीच्या मुलाला नोकरी लाव. प्रत्येक मागणीनंतर सारा गाव ओरडतो, "व्हय म्हाराजा!" वडिलांचं काम नुसत्या घशावर भागायचं, माझ्या हाती माईक असतो. खरं सांगायचं तर तो हातात आला की मला फार मोठं झाल्यासारखं वाटतं.

गाऱ्हाण्यात मानकरी घरांची नावं घ्यायची असतात. शेवटचं नाव आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घराचं. कुठल्यातरी पिढीत त्यांचा धर्म बदलला, पण देवळातल्या समईला खोबरेल द्यायचा मान त्यांनी सोडला नाही आणि गावानेही काढून घेतला नाही. धर्म वेगळे असूनही माणसं एकत्र कशी नांदतात, याचं उदाहरण म्हणून शाळेत पंधरा ऑगस्टला मी हेच तेल सांगितलं आहे आणि टाळ्याही घेतल्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी देवस्थानावर नवी समिती आली. तिच्यातले निम्मे मुंबईत राहून गावाची काळजी व्हॉट्सॲपवर वाहतात. त्यांनी ठरवलं, परधर्माचं तेल नको आणि गाऱ्हाण्यात नावही नको. अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुका जमना नसात तर सांग. तुझो चुलतभाव तयार आसा." त्या चुलतभावाचा माईकवर दहा वर्षं डोळा होता. मी म्हटलं, "बघूया." आमच्याकडे बघूया म्हणजे काय, ते अध्यक्षाला बरोबर कळलं.

गंमत अशी की शेजारच्या काकांना त्याच आठवड्यात त्यांच्या इगर्जीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुण मंडळींनीही बजावलं होतं, देवळात तेल देणं आपल्या धर्मात बसत नाही. दोन्ही धर्मांचं एवढं एकमत मी जन्मात पाहिलं नव्हतं.

काका ऐंशीच्या घरातले, बायको गेलेली, कानाने अधू. घरात एकुलती एक मुलगी. ती शिक्षिका होती, माझ्या मुलीचं दहावीचं इंग्रजी तिनेच सुधारलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. त्या दसऱ्याच्या वेळी ती गोव्याच्या इस्पितळात होती. पोटात गाठ, चार दिवसांनी ऑपरेशन.

त्या सकाळी काका तेलाची बाटली घेऊन आमच्या खळ्यात आले. कुणाचंच त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. म्हणाले, "झिला, आज माझ्या चेडवासाठी दोन शब्द जास्त सांग. इगर्जीत मेणवात लायलंय, पण हयसरय सांगाक व्हया."

"सांगतंय, काका," मी म्हटलं आणि बाटली घेतली. ते तेल देवळात गेलंच नाही. आमच्या घरात वापरलं.

दुपारी काका नेहमीच्या जागी, पायऱ्यांच्या खाली उभे होते. मी एकेक घर घेत गेलो. शेवटचं नाव आलं तेव्हा समोर अध्यक्ष मोबाइलवर शूटिंग करत होता. मी नाव गाळलं, त्यांच्या मुलीलाही गाळलं आणि सरळ शेवटावर आलो, "काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडला. काका लोकांची तोंडं बघून ओरडायचे, त्यामुळे त्यांचा आवाज सगळ्यांच्या नंतर, एकटाच आला. दोघे-तिघे हसले. माईक अजून माझ्याच हातात होता.

गर्दी पांगताना काका हात जोडून पुढे आले. "नाव घेतलंस मां? माका नीट ऐकाक येवक नाय."

"घेतलंय."

"चेडवाचा?"

"ताय घेतलंय."

आजूबाजूच्या दहाजणांनी हे ऐकलं. सगळे आपापल्या चपला शोधायला लागले. खोटं बोलताना माझी जीभ अडखळली असं लिहिलं तर बरं दिसेल, पण ती अडखळली नाही.

धर्मापायी माणसं भांडतात म्हणतात. आमच्या गावात कुणीच भांडलं नाही. मी तर देवधर्माचा विचारही केला नव्हता. मला पायरीवरची जागा हवी होती आणि ती टिकवायला एक म्हातारा खर्ची घालायचा होता, तो मी घातला. माझी मला किळस येते. तरी यंदाचं गाऱ्हाणंही मीच घातलं.

मुलगी ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी गेली. तिला पुरल्यावर मी भेटायला गेलो. घर गोव्याच्या पाहुण्यांनी भरलं होतं, बसायला जागा नव्हती. काकांनी माझा हात धरला आणि पाहुण्यांना सांगितलं, "हेना माझ्या चेडवासाठी देवाकडे गाऱ्हाणा घातल्यान. सगळ्या गावासमोर." मग माझ्याकडे वळून, मलाच धीर देत म्हणाले, "तुझो काय दोष नाय रे, झिला. तू सांगलंस. तेना ऐकूक नाय."

पाहुण्यांतली एक बाई उठली आणि तिने मला आपली खुर्ची दिली. मी बसलो. चहाही घेतला.