बर्फ चाखणारे चाचा

चाचा मासा नंतर बघायचे, आधी बर्फ चाखायचे. किनाऱ्यावरून आलेली पेटी उघडली की तळातला एक खडा उचलून जिभेवर ठेवायचे, क्षणभर थांबायचे आणि बाजूला थुंकायचे. "तळाला माशाचं पाणी लागतंय, म्हणजे वाटेत वितळलाय. वर नवा बर्फ टाकून आणलायस." ड्रायव्हर शपथा घ्यायचा. चाचा म्हणायचे, "तुझी जीभ फक्त बोलते रे, माझी चाखते पण. परत ने." मग ड्रायव्हर हळूच कबूल करायचा की गाडी घाटात बंद पडली होती.

कॅम्पातल्या मासळी बाजारात त्यांचा ओटा होता. तीन पिढ्या पुण्यात काढलेल्या. बोलणं इतकं खोचक, की आमच्या शनिवार पेठेने शिकवणी लावावी. मी फूड टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन नगर रस्त्यावरच्या नव्या हॉटेलात खरेदी बघायला लागले होते. आयटी कंपन्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या, त्यांच्या परदेशी पाहुण्यांसाठी शेफना ऑक्टोपस हवा असायचा. मी तोवर तो फक्त पुस्तकात पाहिला होता.

चाचांकडून आलेला पहिल्या खेपेचा आठ किलो माल मी स्वच्छ राहावा म्हणून रात्रभर पाण्यात ठेवला. सकाळी तो नऊ किलो भरला. मी खुशीत चाचांना फोन केला.

"वा मॅडम! तुमच्याकडे मेल्यावर वाढतो वाटतं?"

मग नीट सांगितलं. ऑक्टोपस गोडं पाणी पितो, फुगतो, चव जाते. पिशवीत घट्ट बांधायचा आणि ती पिशवी बर्फात ठेवायची. बर्फाचं पाणी त्याच्या अंगाला लागता कामा नये. मी हे वहीत उतरवून घेतलं. पदवीच्या पुस्तकात नव्हतं.

चाचांचा माल त्यांच्या थोरल्या बहिणीच्या गावातून यायचा. तिथल्या बायका ओहोटीला खडकांवर उतरून कपारींत लोखंडी आकडी घालून ऑक्टोपस काढतात. पण एखाद्या कपारीत मादी अंड्यांवर बसलेली दिसली, तर तोंडाशी पांढरा दगड ठेवायचा. दगड दिसला की त्या कपारीत कुणी आकडी घालत नाही.

"आणि भरतीत दगड वाहून गेला तर?" मी विचारलं.

"तर परत ठेवायचा. हात झिजतात का?"

पुढे एका मोठ्या कंपनीची मेजवानी ठरली. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती आणि ती या मेजवानीवर अवलंबून आहे, हे मला स्पष्ट सांगण्यात आलं होतं. ऑक्टोपस मेन्यूत सर्वांत वर. नेमकं तेव्हाच चाचांनी हात वर केले. "अंड्यांचे दिवस आहेत. माल नाही."

मी दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतला. मोठे, देखणे नग. पेटी हॉटेलवर नेण्याआधी मुद्दाम चाचांच्या ओट्यावर उघडली. खरं सांगायचं तर मिरवायला.

त्यांनी तळातला खडा चाखला, थुंकले. मग एक नग उचलला, अंगठ्याने दाबला. ते अंग सैल होतं, रिकाम्या पिशवीसारखं.

"ही कित्येक दिवस उपाशी होती. अंड्यांवर बसली की खात नाही. पिल्लं बाहेर पडली की मरते. हिला तेवढंही करू दिलं नाही." त्यांनी हात पुसले. "आणि बर्फ वाटेत बदललाय. वाढणार असाल, तर आधी स्वतः खा."

मी थर्मामीटर लावला. तापमान अगदी योग्य. तो आत्ताचं सांगत होता. चाचांच्या जिभेने अख्खा प्रवास सांगितला होता, आणि अंगठ्याने त्याच्याही आधीचं, समुद्रातलं. मी आयुष्यात मोठी यंत्रं पुष्कळ पाहिली. इतकी थक्क कधी झाले नाही.

पेटी परत पाठवली.

"मेन्यू छापून झालाय!" शेफ ओरडले.

"माझ्याकडे पेन आहे," मी म्हटलं आणि प्रत्येक कार्डावरची ती ओळ स्वतः खोडली. पाहुण्यांनी चाचांची सुरमई खाल्ली. मला कायम करायला हॉटेलने आणखी वर्ष घेतलं.

चाचा गेले तेव्हा मी परगावी होते. परतल्यावर बाजारात गेले, तर त्यांच्या ओट्यावर गोठवलेल्या पाकिटांचा फ्रीज उभा होता. शेजारचा म्हणाला, "शेवटच्या आठवड्यातसुद्धा पेटी परत पाठवली हो त्यांनी."

आता माझ्या हाताखाली चार जण आहेत. परवा एक पेटी आली. वाघोलीहून येणारी नवी मुलगी थर्मामीटर वाचून म्हणाली, "मॅडम, टेम्परेचर ओके आहे." मी तळातला खडा जिभेवर ठेवला. ती शहारली.

"परत पाठव."

"पण मॅडम, तो व्यापारी हाच माल समोरच्या हॉटेलला देईल ना! मग आपण परत पाठवून उपयोग काय?"

"देईलही," मी म्हटलं. "उद्या असा माल परत आणला, तर परत पाठवायचा. हात झिजतात का?"