डाव्या पायाची सुट्टी

नांदेड सोडलं तेव्हा ऊन अजून कोवळं होतं, आणि मी मनातल्या मनात त्या गावाचा निरोप घ्यायला लागलो होतो. नावघाटाच्या बाजूला गोदावरीचं पात्र वाळवणासारखं पसरलेलं. शेजारच्या सीटवर बाई, मागे पाण्याचे दोन मोठे कॅन. त्या उन्हाळ्यात नांदेडहून लातूरला जाणारे पाहुणे पेढे नेत नसत, पाणी नेत.

बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं स्वतः गाडी चालवली. मग डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच दाबवेना, म्हणून मला ठेवलं. मी कुडाळकडचा, सहावीतून शाळा सोडलेला, ट्रकमागून ट्रक करत इतक्या लांब येऊन पडलेला. बाईंनी घरामागची खोली दिली आणि रोज संध्याकाळी पाटीऐवजी वही हातात दिली. घरच्यांनो, हे वाचताना वेलांट्या जागच्या जागी दिसल्या तर ती त्यांची कृपा.

लातूरला जुन्या गाड्या विकणाऱ्या अप्पांकडे वापरलेल्या दोन गाड्या होत्या, एक गिअरची, एक ऑटोमॅटिक. आमची जुनी बाईंच्या भाच्याला जायची होती.

"दोन्ही तू चालवून बघ दत्ता," बाई म्हणाल्या होत्या. "तू म्हणशील ती घ्यायची."

गिअरची आली तर मी राहणार. ऑटोमॅटिक आली तर बाई स्वतः चालवणार, मग मी कशाला? एवढी साधी गोष्ट रात्रभर उशाशी बसली होती.

लोहा मागे पडलं. दोन्हीकडे काळी रानं, भेगाळलेली. आमच्याकडे माती लाल, आणि चैत्रातसुद्धा विहिरीत वाकून बघितलं की आपलं तोंड दिसतं. इथे जमीन झोपेत बोलत असल्यासारखी वाटायची, उन्हाच्या लाटांत झाडं जमिनीपासून वीतभर वर तरंगायची. टँकर मात्र खरे. एकामागून एक, ठिबकत जाणारे, आणि त्या ओल्या रेघेवर चिमण्या उतरत होत्या.

अहमदपूरला स्टँडजवळ थांबलो. सुशीला (पोह्यांसारखा केलेला मुरमुऱ्यांचा नाश्ता) आणि अर्धा कप चहा. अर्धाच, कारण पाणी. समोरच्या भिंतीवर नव्या उदगीर जिल्ह्याची मागणी ठळक रंगवलेली.

"जिल्हा झाला की पाणी येईल का हो?" बाईंनी हॉटेलवाल्याला विचारलं.

"पाणी न्हाई बाई, साहेब येतील. त्यांना बी चहा अर्धाच देऊ."

शेजारच्या बाकावर एक टँकरमालक कपाळाला हात लावून बसला होता. "गाड्या हायत, ड्रायव्हर मिळंना. जड क्लच म्हणलं की पोरं पळून राहिलीत." मी ऐकलं, पण माझं मन लातूरला जाऊन पोचलं होतं.

अप्पांचं आवार औसा रोडला, लिंबाखाली. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आवाज घरच्यासारखा. गाड्या धुळीनं पांढऱ्या. "धुतल्या न्हाईत, राग नको," म्हणाले. "माणसाला प्यायला न्हाई, गाडीला कुठून?" पाण्याचे कॅन उतरवले तेव्हा अप्पांनी कॅनला हात लावून तो कपाळाला लावला.

गिअरची आधी चालवली. मऊ क्लच, गिअर लोण्यासारखे. मग ऑटोमॅटिक. मागे बाई आणि अप्पा, मी चाकावर.

"मधला दांडा डी वर ठेवा अन् सोडून द्या," अप्पा म्हणाले.

सोडून दिलं, तर गाडी आपोआपच निघाली, होडी काठावरून सुटावी तशी. ना गुरगुर, ना धक्का. मी खुळ्यासारखा हसत होतो. समोर टँकर हळू झाला. बारा वर्षांच्या सवयीनं डावा पाय क्लच शोधत गेला आणि होता नव्हता तो जोर देऊन दाबला. क्लच नव्हताच. होता तो ब्रेक.

गाडी जागच्या जागी गाडली गेली. बाई पुढच्या सीटवर आदळल्या. मागून करकचून टायर वाजले. मागचा मोटरसायकलवाला वाचला, पण त्याच्या दोन्ही बाजूंना बांधलेल्या घागरींपैकी एक आडवी झाली होती. पाणी रस्त्यावर पसरलं आणि बघता बघता डांबरानं पिऊन टाकलं.

तो माणूस ओरडला नाही. ओल्या डागाकडे बघत राहिला. "पायाला काय झालं दादा?"

"क्लच वाटला. सवयीनं…"

"तुमची सवय, अन् माझं तीन तासांच्या रांगेचं पाणी."

मला वर बघवेना. अप्पाच खाली उतरले. "चल माझ्याकडं. नांदेडचं पाणी आलंय, घागर भरून देतो."

आवारात एका कॅनमधून घागर भरली. मी ती बांधायला गेलो तर माणूस म्हणाला, "हाताने बांधा, पायाने नको." सगळे हसले. मीही हसलो, पण डोळे भरून आले होते.

"गिअरचीच न्या बाई," अप्पा म्हणाले. "ॲव्हरेज जास्त, कुठल्या बी गावात मेकॅनिक मिळतो. ह्या ऑटोमॅटिकचं काम निघालं तर थेट पुणं."

सगळं खरं होतं. मला फक्त मान हलवायची होती. बाई गुडघा धरून बसल्या होत्या, आणि माझ्याकडे बघत होत्या. पेपर माझ्यापुढे ठेवलेला, पण उत्तर सांगायचं नाही, अशी त्यांची जुनी नजर.

"बाई," मी म्हणालो, "एकदा तुम्ही बसून बघा."

अप्पांनी त्यांना युक्ती सांगितली. डाव्या पायातली चप्पल काढायची आणि पाय मागे ओढून ठेवायचा. "अनवाणी पायाला कळतं, आज आपल्याला सुट्टी." बाईंनी चप्पल काढून माझ्या हातात दिली. मी ती धरून लिंबाखाली उभा.

गाडी आवारात फिरली. पहिली फेरी भीत भीत. दुसऱ्या फेरीला त्यांनी काच खाली केली. तिसऱ्या फेरीला केस उडत होते, आणि चेहरा असा की कोणी आतून दिवा लावलाय. दोन वर्षं मी त्यांना सगळीकडे नेत होतो, पण कुठे जाताना त्या अशा दिसल्या नव्हत्या.

गाडी माझ्यासमोर थांबली. "काय दत्ता?"

"हीच घ्या," मी म्हणालो. आवाज माझाच होता का कोण जाणे.

परतताना दोन गाड्या. पुढे बाई, मागे जुनीत मी. उतरतीच्या उन्हात त्यांची धूळ सोन्यासारखी उडत होती आणि त्या धुळीतून मी जात होतो. बाई वळणाला हळू झाल्या की माझा डावा पाय इकडे क्लच दाबायचा, जणू दोन्ही गाड्या मीच चालवतोय. घर आठवलं, पगार आठवला, भीती वाटली. तरी मन विचित्र हलकं होतं.

अहमदपूरला त्यांची गाडी बाजूला थांबली. वाटलं, गुडघा दुखला. धावत गेलो, तर त्या सकाळच्याच हॉटेलात शिरलेल्या.

"सकाळचे टँकरवाले कुठे राहतात हो? माझ्याकडे जड क्लचचा माणूस आहे. पाय थोडा जोरात मारतो, एवढंच."

"बाई, तुम्ही सकाळीच ऐकलं होतं…?"

"तुझे कान चहात होते. माझे नव्हते. आणि खोली तुझीच राहील. नाहीतर तुझ्या वह्या कोण तपासणार?"

आता मी त्याच मालकाचा टँकर चालवतो, नांदेडहून भरून. भरलेल्या टँकरचा क्लच दिवसाकाठी शेकडो वेळा दाबतो, आणि गावं मागे टाकत जातो. कधी समोरून धुळीतली ती गाडी येते. बाई हॉर्न देतात. काच खाली असते, आणि मला माहीत असतं की त्यांचा डावा पाय अनवाणी, आरामात मागे आहे. त्याचं काम माझा पाय करतोय. गावात टँकर थांबतो, नळी सुटते, पहिली घागर भरते. ती सांडू नये म्हणून मी आधी खाली उतरून बघतो.